उंबराचं फूल, भोपळ्याची भजी आणि बाकीची पत्रं

या महिन्यात पत्रं नेहमीपेक्षा जास्त आली, आणि गंमत अशी की जवळजवळ सगळी फूल आणि फळ यांच्या मधल्या वाटेवर अडकलेली. कुणाचं फळ धरत नाही, कुणाचं धरून गळतं, कुणाच्या झाडाला फूलच दिसत नाही. तालुक्याच्या गावी अकरावी-बारावीला मी २९ वर्षं जीवशास्त्र शिकवलं. हा धडा आला की पुस्तक मिटून टेबलावर दाढीचं ब्लेड ठेवायचं, ही माझी पद्धत. खालची उत्तरं वाचतानाही ब्लेड हाताशी असू द्या. (मुलांनी मोठ्यांना बरोबर घ्यावं.)

प्रश्न (ठाणे): बाराव्या मजल्यावरच्या गच्चीत ड्रममध्ये लाल भोपळा आणि दुधी लावलाय. वेल जोमात आहेत, फुलंही भरपूर. पण भोपळे सुपारीएवढे होतात, पिवळे पडतात आणि गळतात. दुधीचंही तेच. रोज सकाळी ब्रशने परागीभवन करून पाहिलं, उपयोग नाही. खत कमी पडतंय का?

खत कमी नाही. उलट शेणखताच्या जोडीला युरियाही टाकत असाल तर तो आधी थांबवा. नत्र जास्त झालं की वेल पालाच काढत बसतो, आणि फुलं आली तरी नरच जास्त. तुमच्याकडे कमी पडतेय ती मधमाशी.

भोपळ्याच्या वेलावर नर आणि मादी फुलं वेगवेगळी येतात. ती ओळखायची तर फुलाच्या तोंडाकडे बघू नका, मागे बघा. नर फूल लांब, बारीक देठावर उभं असतं. मादी फुलाचा देठ आखूड, आणि पाकळ्यांच्या मागे अगदी कळी असल्यापासून एक इवलासा भोपळा. तो म्हणजे अंडाशय. तेव्हा 'धरलं आणि गळलं' असं तुम्ही ज्याला म्हणताय ते मुळात धरलेलंच नव्हतं. फुलाकडे कुणी फिरकलं नाही, म्हणून वेलाने ते सोडून दिलं.

लग्न होऊन चिपळूणजवळच्या या घरात आले तेव्हा मी एम.एस्सी. झालेली होते. पहिल्याच पावसाळ्यात परड्यातल्या मांडवावरची भोपळ्याची झाडून सगळी फुलं काढली आणि भजी तळली. सासूबाईंनी मुकाट्याने खाल्ली. दुसऱ्या दिवशी सकाळी मला मांडवाखाली नेलं आणि म्हणाल्या, "पोटुशी असतात त्यांना हात नाही लावायचा. आणि रिकाम्यांतलीसुद्धा चार ठेवायची, नाहीतर यांचं कोण करणार?" त्या चौथी शिकलेल्या होत्या. शास्त्राच्या काट्यावर 'पोटुशी' हा शब्द तसा घाईचा, कारण पराग पोचेपर्यंत आत काहीच रुजलेलं नसतं. पण वर्गात मी पुढे तोच शब्द वापरला, आणि परीक्षेत नर-मादी फुलात कुणाचा गोंधळ झाला नाही.

आता कृती. भोपळ्याचं फूल पहाटे उमलतं आणि दुपारच्या आत मिटतं. सकाळी आठच्या आत ताजं नर फूल देठासकट तोडा, पाकळ्या सोलून टाका. मधली पिवळी दांडी उरेल, तिला बोट लावलंत तर बोट पिवळं होईल. भोपळ्याचा पराग जाड आणि चिकट असतो, त्यामुळे बाराव्या मजल्यावर वारा कितीही भणाणला तरी तो उडत नाही. ती दांडी मादी फुलाच्या मध्यावरच्या फुगीर पाळ्यांवर, म्हणजे कुक्षीवर, सगळ्या बाजूंनी हलकेच फिरवा. सगळ्या बाजूंनी म्हणतेय, कारण आतल्या प्रत्येक बीला स्वतंत्र परागकण लागतो. एकाच बाजूच्या बिया धरल्या तर फळ त्याच बाजूने फुगतं. बाजारातल्या वाकड्या काकडीमागे पुष्कळदा हेच असतं. ब्रशचं म्हणाल तर त्याच्या केसातच निम्मा पराग राहतो. फुलाने फूल बरं.

दुधीचं घड्याळ मात्र उलटं आहे. त्याची पांढरी फुलं संध्याकाळी उमलतात, कारण त्यांची गिऱ्हाइकं म्हणजे रात्रीचे पतंग. दोडका आणि पडवळही संध्याकाळचेच. काकडी आणि कारलं सकाळचे. तुम्ही दुधीसाठी सकाळी ब्रश घेऊन जाताय म्हणजे वरात निघून गेल्यावर मांडवात पोचताय. दुधीचं काम दिवेलागणीला करा.

जमलं की नाही ते तीन-चार दिवसांत कळतं. फळ तकतकीत होतं आणि देठ जाडावतो. पिवळ्या पडलेल्या फळावर टोचल्याची खूण आणि डिंकाचा थेंब दिसला तर ते फळमाशीचं काम, त्यावर पुन्हा कधीतरी. आणि नव्या वेलावर सुरुवातीला नुसतीच नर फुलं येतात. तेवढे दिवस खुशाल भजी करा.

प्रश्न (सासवड, इयत्ता सातवी): आजी म्हणते उंबराला फूल येतं पण ते कुणाला दिसत नाही, ज्याला दिसेल त्याचं नशीब फळफळतं. बाबा म्हणतात उंबराला फूल नसतंच. आणि वर्गातला एक मुलगा म्हणतो अंजिरात मेलेली माशी असते, म्हणून तो आमच्या बागेतली अंजिरं खात नाही. खरं काय?

आजी बरोबर, बाबा चूक, आणि तुझा मित्र दुसऱ्याच कुठल्यातरी अंजिराबद्दल बोलतोय.

खूप दिवसांनी घरी आलेल्या माणसाला आपण म्हणतो ना, 'काय, उंबराचं फूल झालात!' ते फूल बघायचं असेल तर गोटीएवढं, हिरवं, कच्चं उंबर घे. पिकलेलं नको. बाबांना ब्लेडने ते देठापासून टोकापर्यंत उभं चिरायला सांग. आत पोकळी दिसेल, आणि तिच्या भिंतीला आतून दाटीवाटीने चिकटलेले शेकडो बारीक दाणे. प्रत्येक दाणा म्हणजे एक फूल. आपण ज्याला उंबराचं फळ म्हणतो तो असा फुलांचा गुच्छ आहे, पिशवी उलटी करावी तसा आत वळलेला. भिंग असेल तर बघ, फुलांना टोकाशी बारीक दोरा दिसेल. तुझं नशीब फळफळलं असं आजीला लगेच सांगून टाक.

मग या कोंडलेल्या फुलांपर्यंत पराग पोचवतं कोण? उंबराच्या टोकाला खवल्यांनी झाकलेलं एक भोक असतं. त्यातून मोहरीच्या दाण्याएवढी एक माशी आत घुसते. गांधीलमाशीची ही लांबची, बिनविषारी भाचरं. भोक इतकं चिंचोळं की घुसताना तिचे पंख तुटून बाहेर राहतात. म्हणजे हा प्रवास एकमार्गी. दुसऱ्या उंबरातून आणलेला पराग ती फुलांना लावते, काही फुलांत अंडी घालते आणि आतच मरते. ज्या फुलांत अंडं नाही तिथे बी होतं. ज्यात अंडं आहे तिथे माशीचं पिल्लू वाढतं. पुढे आधी नर बाहेर येतात, त्यांना पंखच नसतात. ते माद्यांशी मीलन करतात आणि भिंत कुरतडून बाहेर जायला बोगदा पाडतात. बाहेरचं जग त्यांच्या वाट्याला फारसं येत नाही. तोवर आतली नर फुलं पक्व झालेली असतात. त्यांचा पराग घेऊन माद्या बोगद्यातून उडतात आणि दुसरं कच्चं उंबर शोधतात. वडाची माशी वेगळी, पिंपळाची वेगळी, उंबराची वेगळी. माशी नसेल तर उंबराला बी नाही, आणि उंबर नसेल तर माशीला घर नाही. पिकलेलं उंबर फोडलं की किडे का निघतात ते आता तुला कळलं असेल. (त्यात या माशीशिवाय इतरही फुकटे घुसलेले असतात.)

आता तुमची अंजिरं. पुरंदरचं अंजीर उंबराच्याच कुळातलं, रचनाही तीच. पण ही जात परागाशिवायच फळ धरणारी आहे, केळ्यासारखी. तिला माशी लागत नाही, म्हणून आत माशी नसते. दाताखाली कुरकुरतात त्या बिया, आणि त्याही बहुतेक पोकळ. मित्राला एक अंजीर फोडून दाखव.

मित्र ऐकून आहे ती गोष्ट स्मर्ना जातीच्या अंजिराची, तुर्कस्तानातून सुकं येतं त्याची. ते माशीशिवाय पिकत नाही, गळून पडतं. तिकडचे शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या रानटी अंजिरं दोरीत ओवून बागेतल्या झाडांना टांगत आले. अमेरिकेत कॅलिफोर्नियात १८८०च्या सुमारास ही झाडं नेऊन लावली, ती वाढली, आणि फळं गळत राहिली. टांगलेल्या रानटी अंजिरांना तिथले लोक अडाण्यांची समजूत म्हणून हसले होते. शेवटी १८९९ साली ती माशी तिथे नेऊन वसवली, तेव्हा फ्रेझ्नोच्या बागा धरल्या. त्या जातीच्या फळात मादी शिरते आणि मरते हे खरं. अंजिराच्या चिकात प्रथिनं पचवणारं विकर (एन्झाइम) असतं, हेही खरं. ते सुकं अंजीर खायचं की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं. तुमच्या बागेतल्या अंजिरावर मात्र हा आळ नको.

प्रश्न (कराड): मामा भुईमुगाच्या उभ्या पिकावरून रिकामा ड्रम लोटत नेतात. विचारलं तर "आऱ्या बसतात" एवढंच सांगतात. पीक चेंगरत नाही का?

मामा कमी बोलतात, पण नेमकं बोलतात.

भुईमुगाचं पिवळं फूल पानांच्या बेचक्यात सकाळी उमलतं. बहुतेक वेळा स्वतःच्याच परागाने त्याचं काम उरकतं आणि ते कोमेजतं. एरवी इथून पुढे फूल होतं तिथेच फळ धरतं. भुईमूग तसं करत नाही. फुलाच्या तळाशी असलेला अंडाशय एका टोकदार दांडीच्या टोकावर बसून खाली निघतो. ही दांडी म्हणजे आरी. चपलेला भोक पाडायच्या आरीसारखीच दिसते, म्हणून नावही तेच. ती मातीत शिरते, आडवी होते, आणि अंधार मिळाल्यावरच तिच्या टोकाला शेंग भरते. उजेडात शेंग भरत नाही. म्हणूनच शेंगदाणा जमिनीत मिळत असला तरी तो मूळ नाही, रीतसर फळातली बी आहे.

आता वरच्या फांद्यांना फुटलेल्या आऱ्यांना जमीन लांब पडते. वीतभर उंचीवरची आरी लोंबकळत राहते आणि सुकते. ड्रम फिरवला की फांद्या जमिनीला टेकतात आणि त्या आऱ्याही मातीत जातात. पीक दोन दिवस झोपल्यासारखं दिसतं, मग उठतं. आऱ्या सुटल्यावर मामा त्या रानात कोळपं घालू देत नसतील, त्याचंही कारण हेच. शेंगा धरायच्या वेळी मुळाशी ढवळाढवळ नको.

प्रश्न (कुडाळ): बी लावून वाढवलेले आठ रातांबे (कोकमाची झाडं) आहेत, दहा वर्षांचे. तीन झाडांना फुलं भरपूर येतात, फळ मात्र आजवर एकही नाही. ती तोडावीत का?

ती तीन नर आहेत. तुम्ही तसे नशीबवान म्हणायचे. बियांपासूनच्या रातांब्यात साधारण निम्मी झाडं नर निघतात, आणि ते कळायला सात-आठ वर्षं वाट बघावी लागते. रोप बघून कुणी खात्रीने सांगत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. जायफळाचंही असंच. कोकणात या दोन झाडांनी जेवढ्या लोकांना वाट बघायला लावली असेल तेवढी सरकारी कामांनीही नसेल.

येत्या हंगामात फुलं जवळून बघा. नर फुलं झुबक्याने येतात आणि प्रत्येकाच्या मध्यावर पिवळसर पुंकेसरांची गोळी असते. मादी फुलाच्या मध्यावर हिरवट, गोल अंडाशय, म्हणजे येणारा रातांबाच. पुन्हा तेच, कळी बघूनच घरचा पत्ता लागतो.

झाडांत नर-मादी असतं हे सिद्ध व्हायला युरोपात १६९४ साल उजाडावं लागलं. जर्मनीत ट्युबिंगेनला रुडॉल्फ कॅमेरारियस नावाच्या वैद्याने एरंडाची नर फुलं उमलायच्या आत खुडून टाकली, तर बी धरली नाही. मक्याचे केस कापले, तर दाणे भरले नाहीत. आपल्याकडे माझ्या सासूबाईंसारख्या बायकांना हे ठाऊक होतं, फक्त कुणी लिहून काढलं नव्हतं.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं की तिन्ही तोडू नका. एक नर, मादी झाडांच्या वाऱ्याच्या वाटेवरचा, राहू द्या. उरलेल्या दोघांवर चांगल्या मादी झाडाच्या काडीचं कलम बांधून घ्या, कलमं बांधणारा माणूस तुमच्या पंचक्रोशीत नक्की असेल. दहा वर्षांचं मूळ फुकट कशाला घालवायचं? आणि नवं लावायचं तर बी न लावता कलमच लावा. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची 'कोकण अमृता' ही जात चांगली आहे. कलम ज्या झाडाचं, लिंगही त्याच झाडाचं, त्यामुळे जुगार नाही.

प्रश्न (पनवेल): कुंड्यांमध्ये चार मक्याची झाडं एका ओळीत लावली. कणसं आली, पण दातपडकी, आणि टोकाला टक्कल. असं का?

मक्याच्या शेंड्याला येतो तो तुरा नर, आणि पेऱ्यातून निघतं ते कणीस मादी. कणसाचे केस सोलताना आपण वैतागतो, पण एकेक केस एकेका दाण्याचा आहे. केसाच्या बाहेरच्या टोकावर परागकण पडतो, त्यातून एक सूक्ष्म नळी फुटते आणि केसाच्या आतून वाट काढत थेट त्या दाण्याच्या जागेपर्यंत जाते. लांब केस असेल तर वीतभर अंतर, साधारण एका दिवसात. ज्या केसावर पराग पडला नाही त्याचा दात पडला. टोकाकडचे केस सगळ्यात शेवटी बाहेर येतात, तोवर तुऱ्यातला पराग संपलेला असतो, म्हणून टक्कल.

मका वाऱ्यावर अवलंबून, आणि वारा ओळीच्या आडवा वाहिला की सगळा पराग शेजाऱ्यांच्या गाडीवर. चार कुंड्या ओळीत न ठेवता चौकोनात ठेवा, आणि सकाळी तुरा केसांवर झटका. पुढचं कणीस खाण्याआधी दाण्यांच्या उभ्या ओळी मोजा. जवळजवळ नेहमी समच निघतील, कारण मक्याची मादी फुलं जोडीजोडीने बसतात.

जाता जाता सांगते. परागकणातून निघणारी ही नळी पहिल्यांदा १८२४ साली अमिची या इटालियन माणसाने पाहिली, तीही घोळीच्या फुलात. घोळ म्हणजे आपली आंबटसर पालेभाजी, कुंडीत न लावता उगवणारी.

प्रश्न (डोंबिवली): मुलगी सहा वर्षांची आहे. तुळशीच्या लग्नाला तिने भरमांडवात विचारलं, "आता तुळशीला बाळ कधी होणार?" सगळे हसले, मी विषय बदलला. पण ती अजून विचारते. काय सांगू?

झालीत म्हणून सांगा. आणि दाखवा.

कार्तिकात तुळशीला मंजिऱ्या असतातच. खालच्या बाजूची वाळलेली, तपकिरी मंजिरी तिच्या तळहातावर ठेवा आणि दुसऱ्या हाताने चोळायला सांगा. फुंकर मारली की कोंडा उडेल आणि खसखशीहून थोडे मोठे, गडद दाणे उरतील. ती तुळशीची बाळं. एकेका फुलातून जास्तीत जास्त चार. चार बाळांची ती वाटी तिला मंजिरीवरच शोधू द्या. मग एका कुंडीत दाणे पसरून वर चिमूटभर माती टाका. रोज पाणी द्यायचं काम तिचं.

पुढचा प्रश्न 'बाळ आलं कुठून' असणार, त्याची तयारी ठेवा. भेंडी आणा. आडवी चिरून चकतीत घरं मोजा, बहुतेक पाच. प्रत्येक घरात बिया. ही भेंडी म्हणजे फुलाचं पोट. फुलातली पिवळी पूड माशीच्या अंगाला लागून दुसऱ्या फुलावर पडते, पुडीचा कण पोटापर्यंत जातो, तिथल्या बीच्या अंकुराला मिळतो आणि बी होते. सहा वर्षांच्या मुलीला एवढं पुरतं. मोठी माणसं अवघडतात ती पुढचं आठवून. माझ्या एका सहकाऱ्यांनी हा धडा वर्षानुवर्षं 'घरी वाचा' म्हणून सोडून दिला. दर वर्षी त्यांची मुलं माझ्या वर्गाच्या खिडकीशी उभी असायची.

प्रश्न (सोलापूर): पूजेचा नारळ फोडला तर पाणी जवळजवळ नाही, आत पिवळट पांढरा, स्पंजासारखा गोळा. सासूबाई म्हणाल्या नारळात फूल निघालं, शुभ आहे. मुलगा म्हणतो नारळ खराब निघाला. खायचा की टाकायचा?

वास चांगला असेल तर खा. गोड आणि पाणीदार लागतो. आमच्याकडे त्यावरून भांडणं होतात.

तो फूल नव्हे आणि खराबही नव्हे, तो रुजायला निघालेल्या नारळाचाच एक भाग. मात्र या गोळ्याआधीची गोष्ट जास्त मजेची आहे. परागनळी अंडाशयात पोचते तेव्हा ती एकच नव्हे, दोन नरपेशी घेऊन येते. एक अंडपेशीला मिळते, त्याचा गर्भ होतो. दुसरी शेजारच्या दोन केंद्रकांना मिळते, आणि त्यातून गर्भाची शिदोरी तयार होते. किएव्हच्या नवाशिन या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८९८ साली लिलीच्या फुलात हे पाहिलं तोवर दुसऱ्या नरपेशीचं काय होतं ते कुणाला माहीत नव्हतं. गव्हाचं पीठ, तांदूळ, ज्वारी, आपण पोट भरतो ते सगळं या दुसऱ्या मीलनाचं. बाकी धान्यांत ही शिदोरी घट्ट होऊन जाते, म्हणून दिसत नाही. नारळात दिसते. शहाळ्याचं पाणी म्हणजे हीच शिदोरी, जिच्यात अजून पेशींच्या भिंती उभ्या राहिलेल्या नाहीत, केंद्रकं नुसती तरंगताहेत. भिंती उभ्या राहिल्या की तीच मलई, आणि मग खोबरं.

आणि गर्भ? तो इवलासा, तीन डोळ्यांपैकी मऊ डोळ्याच्या मागे. नारळ रुजायला लागला की गर्भाचं एक टोक डोळ्यातून बाहेर कोंब काढतं आणि दुसरं आत फुगत जातं, पाणी आणि खोबरं शोषत. तुमच्या ताटातला गोळा हा तो आतला शोषणारा भाग. म्हणून पाणी संपलं होतं.

सासूबाईंना 'फूल नाही' म्हणून सांगायला जाऊ नका. नवा माड उगवायला निघाला होता, याहून शुभ काय असायचं!

एक दुरुस्ती

गेल्या दिवाळी अंकात मी पपईबद्दल लिहिताना 'नर झाडं उपटून टाका' असं सरसकट लिहिलं होतं. जळगाव जिल्ह्यातल्या एका वाचकाने ते वाचून बांधावरची सगळी नर झाडं काढली. त्यांची पपई जुनी, नर-मादी वेगळी असणारी. पुढे मादी झाडांवरची फुलं गळत राहिली, आणि जी थोडी फळं टिकली ती लहान आणि बिनबियांची निघाली. चूक माझी. ज्या जातीत एकाच फुलात पुंकेसर आणि अंडाशय दोन्ही असतात, हल्ली बागांमधून लावतात त्या बहुतेक अशा, तिथे नराची गरज नाही. जुन्या जातीत मात्र दहा मादी झाडांमागे एक नर ठेवायलाच हवा. लांब, लोंबत्या देठांवर झुबक्याने फुलं असतात तो नर. त्या वाचकांना मी स्वतंत्र पत्र लिहिलं आहे, आणि शेजाऱ्याच्या बांधावर नर पपई असेल तर सकाळी चार फुलं मागून आणा, असंही कळवलं आहे.